मेख कुठे शिरते, कुठे अडते

तुकोबांची पालखी पाटस सोडून रोटी घाट चढली, की पायाखालची जमीन बदलते. यवत-वरवंडपर्यंत मुठा कालव्यावरचा ऊस सोबतीला असतो. वर हिंगणीगाडा, वासुंदे, उंडवडी गवळ्याची म्हणजे मुरमाड माळ, आणि बाजरी पावसाच्या भरवशावर. बारामतीचं नाव बागायतीसाठी घेतात, पण दौंड-बारामतीच्या सीमेवरचा हा जिरायती पट्टा पायी चालणाऱ्यालाच नीट कळतो. उंडवडीच्या मुक्कामी राहुटीची मेख पाच-सहा बोटं शिरते आणि अडते. आधी पहारीने भोक पाडायचं, मग घण. नाहीतर मेखेचं डोकं चेपतं आणि सकाळी ती उपटत नाही. पिण्याचं पाणी वरवंडलाच भरून घ्यावं.

बारामती ओलांडून नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्षेत्रात शिरलं, की दोन्ही बाजूंना ऊस. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. उसाच्या गावात माळरानाचा हा मान टिकलाय, याचं आम्हाला फार अप्रूप.

सणसरच्या काळ्या रानात मेख हाताने दाबली तरी जाते, आणि रात्री पाऊस आला की तितक्याच सहज निघते. इथे हातभर लांबीची मेख हवी, डोकं राहुटीपासून बाहेर कललेलं. भोवती वीतभर खोल चर काढून त्याचं तोंड उताराला सोडायचं. बांध आडवा असेल तर पाणी आतच तुंबतं. पांढुरकी पूड दिसते तिथे तर राहुटी ठोकूच नये. ते खारवट-चोपण रान. वर्षानुवर्षं उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं, निचरा ठेवला नाही, म्हणून खालचे क्षार वर आले. वाळलं की पापुद्रा, भिजलं की रेबडी. कालव्याने श्रीमंत केलेलं रान कालव्याच्याच पाण्याने असं मरतं, हे बघून जीव तुटतो.

आमच्या दिंडीतल्या बीडकडच्या माणसांना हा रस्ता आधीपासून पाठ. दिवाळीनंतर ती याच शिवारात कोयता घेऊन येतात, बांधावर कोपी घालतात. कुठल्या चारीला रात्री पाणी सुटतं, ते त्यांनाच विचारावं.

पुढे इंदापुरात कालव्याचं शेपूट. पाण्याची पाळी उशिरा येते, कधी येतही नाही. तिथलं उभं पीकच ते सांगतं. सराटीला पादुकांना नीरास्नान. पाऊस लांबला की तिथलं पात्र कोरडं पडतं. भाटघर आणि वीर धरणांचं पाणी वरच कालव्यांत वळलेलं असतं.