एआरपीला उत्तर येत होते, पिंगला नाही

एका लहान कार्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. तेथील राउटर विकतचा नसून जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून बनवलेला आहे: एक पोर्ट मोडेमकडे, दुसरा स्विचकडे, आयपीटेबल्समध्ये (पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, सोडायचे की अडवायचे हे ठरवणारी लिनक्सची सोय) नॅटचे (अनेक उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेट देणारे) नियम आणि पत्ते वाटण्यासाठी डीएनएसमास्क. त्याच यंत्रात वायफाय कार्ड बसवून त्यालाच अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारे केंद्र, करायचे ठरले.

कार्ड निवडताना माझी एकच अट होती. कार्डाची माहिती देणाऱ्या 'आयडब्ल्यू लिस्ट' या आदेशाच्या उत्तरात चालू शकणाऱ्या मोडच्या यादीत 'एपी' (अॅक्सेस पॉइंट) हा शब्द दिसलाच पाहिजे, कारण नेटवर्कला जोडले जाणारे प्रत्येक कार्ड स्वतःचे नेटवर्क उभे करू शकतेच असे नाही. पुढचे काम सरळ होते. स्विचकडचे पोर्ट एका ब्रिजमध्ये (अनेक पोर्टांचे एकच नेटवर्क बनवणारा सॉफ्टवेअरमधील जोड) घातले, वायफाय उभे करणाऱ्या होस्टएपीडी या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये त्या ब्रिजचे नाव, देशाचा कोड, चॅनेल 6 आणि डब्ल्यूपीए2चा पासवर्ड लिहिला. देशाचा कोड अनेक जण गाळतात आणि मग 5 गिगाहर्ट्‌झचे चॅनेल का उघडत नाहीत म्हणून डोके धरून बसतात.

फोन जोडला गेला, त्याला पत्ता मिळाला, इंटरनेटही चालू झाले. मात्र त्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या त्याच गटात), केबलने स्विचला जोडलेला प्रिंटर फोनच्या यादीत दिसेना आणि वायफायवरील लॅपटॉपवरून त्याला पिंगही (पोहोच तपासणारा संदेश) लागेना. बाहेरचे जग हाताशी आणि बाजूच्या टेबलावरचा प्रिंटर मात्र अदृश्य!

सहकाऱ्याचा पहिला संशय क्लायंट आयसोलेशनवर होता. तो मला पटला नाही, कारण होस्टएपीडीतील ती सोय वायरलेस उपकरणांना एकमेकांपासून तोडते आणि प्रिंटर तर केबलवर होता. मी लॅपटॉपवरील एआरपीची (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याची पद्धत) नोंद पाहिली, तेव्हा प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या हार्डवेअरचा पत्ता, तेथे व्यवस्थित आलेला होता. म्हणजे ब्रिजमधून एआरपी पलीकडे जाऊन परत येत होते, अडत होते ते फक्त आयपी पॅकेट. येणारीजाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प आधी वायफायच्या इंटरफेसवर लावला तर पिंगची विनंती आत येताना दिसली; स्विचकडच्या पोर्टवर लावला तर तेथे एआरपीखेरीज काही नव्हते. दोन पोर्टांच्या मधेच कोणीतरी पॅकेट गिळत होते, आणि तेही केवळ आयपीचे.

मग आयपीटेबल्सची फॉरवर्ड साखळी, म्हणजे यंत्रातून पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या नियमांची यादी, आकड्यांसह उघडली. तिचे धोरण 'ड्रॉप' होते, म्हणजे कोणत्याही नियमात न बसणारे पॅकेट टाकून दिले जात होते, आणि माझ्या प्रत्येक पिंगसरशी त्यापुढचा आकडा एकने वाढत होता. एकाच ब्रिजमधील वाहतूक ही दुसऱ्या थराची, म्हणजे आयपीच्या खालची, मॅक पत्त्यांवर चालणारी बाब, तिचा आयपीटेबल्सशी संबंध काय, असा प्रश्न येथे पडणे स्वाभाविक आहे. उत्तर बीआर-नेटफिल्टर या कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या) मॉड्यूलमध्ये आहे. ते चढवलेले आणि त्याची सेटिंग चालू असेल, तर ब्रिजमधून जाणारी आयपी पॅकेटही फॉरवर्ड साखळीतून नेली जातात. कर्नल 3.18 पासून ते वेगळे मॉड्यूल असल्याने कोणी मागितल्याशिवाय सहसा चढत नाही. आमच्याकडे ते मागितले होते त्याच यंत्रावर चालणाऱ्या कंटेनरच्या (प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवणाऱ्या) सॉफ्टवेअरने, आणि साखळीचे धोरण 'ड्रॉप' करणारेही तेच. ब्रिजकडून मोडेमकडे जाण्याची परवानगी माझ्या नियमांत असल्यामुळे इंटरनेट चालत होते. ब्रिजमधून ब्रिजमध्येच परत जाण्याची परवानगी कोणी कधी लिहिलीच नव्हती. केबलवरील संगणकांची आपसातली वाहतूक स्विचमध्येच आटोपत असल्याने ही उणीव तोवर जाणवण्याचे कारणही नव्हते.

बीआर-नेटफिल्टरची सेटिंग शून्य करणे हा एका ओळीचा उपाय होता, पण कंटेनरांमधले अडसर तिच्यावर अवलंबून असल्याने मी तो टाळला आणि आत येणारा व बाहेर जाणारा इंटरफेस तोच ब्रिज असेल तर पॅकेट सोडावे, एवढाच नियम साखळीत सर्वांत वर घातला. पिंग तत्काळ लागले. प्रिंटर यादीत न दिसण्याचे कारणही तेच निघाले: आपले नाव जाहीर करणारे त्याचे एमडीएनएस संदेश मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेले) असले तरी आयपीचेच असतात, त्यामुळे तेही त्याच साखळीत अडत होते. राउटर पुन्हा सुरू केल्यावर कंटेनरचे सॉफ्टवेअर आपले नियम नव्याने घालते, म्हणून माझा नियम त्याच्यानंतर चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये ठेवला आणि यंत्र बंद-चालू करून तो टिकतो हे तपासले.