पांढरी पाच, खर्जातली

आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात ती कुणाच्या खिजगणतीत नसते. रात्री साडेअकरानंतर मात्र तिचा 'ऊंऽऽऽ' सुरू होतो. म्हणजे चालू तो कायमच असतो, ऐकू तेव्हा येतो. दोनदा तक्रार केली. वायरमन आला, मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, आवाज येतोय म्हणजे चालू आहे. यायचा बंद झाला की फोन करा."

सासरे पेटी वाजवतात. त्यांनी एका रात्री तो सूर पेटीवर शोधून काढला. पांढरी पाच, खर्जातली. मुलीनं त्यावर शास्त्र ऐकवलं: आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, दर हेलकाव्याला ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा थरथरतो, म्हणून गुणगुण 100 हर्ट्झची.

जवळजवळ हाच सूर कॅलिफोर्नियातला एक मासा लावतो. मादीला बोलवायला.

सान फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की सॉसलिटो लागतं. तिथे कितीतरी लोक धक्क्याला बांधलेल्या तरंगत्या घरांत राहतात. 1980च्या दशकात उन्हाळा आला की रात्रभर चालणाऱ्या घरघरीनं ही मंडळी हैराण व्हायची. सांडपाण्याचे पंप, जनरेटर, नौदलाचे गुप्त प्रयोग, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी निघाला वीतभर मासा. नाव मिडशिपमन फिश. पोटावर चमकत्या ठिपक्यांच्या रांगा असतात, नौदलातल्या शिकाऊ अधिकाऱ्याच्या कोटाच्या बटणांसारख्या, त्यावरून हे नाव. (नौदलावरचा संशय अगदीच वाया गेला नाही म्हणायचा.) गावानं पुढे काही वर्षं या माशाच्या नावानं उत्सवही भरवला. आमच्या डीपीचा असा काही सन्मान होण्याची शक्यता दिसत नाही.

या माशाचा नर उन्हाळ्याच्या तोंडाला खोल समुद्रातून किनाऱ्याला येतो, दगडाखाली जागा धरतो आणि अंधार पडला की सूर लावतो. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या दोन्ही अंगांचे स्नायू सेकंदाला शंभरेक वेळा आक्रसतात, तेही कधी कधी तासभर न थांबता. पाणी जरा उबदार झालं की सूर किंचित चढतो. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, भरलेली मादी त्या आवाजाच्या रोखानं येते, दगडाच्या आतल्या छताला अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं बाळंतपण बापाकडे. विणीच्या दिवसांत मादीचे कानही बदलतात, नराच्या सुरातले वरचे स्वर तिला एरवीपेक्षा नीट ऐकू येऊ लागतात. आणि काही नर चिमुकले असतात. ते घर बांधत नाहीत, गात नाहीत. दुसऱ्याची मैफल रंगात आली की मादीसारखे दिसत गुपचूप आत शिरतात आणि आपलं काम उरकून घेतात. गाणाऱ्याला पत्ताही नसतो.

हे सगळं वाचताना मला आमच्या घरची विळी आठवत होती. आई ढोमी साफ करायला बसली की पोटातला पांढरा फुगा आम्हा भावंडांचा. टाचेखाली धरायचा आणि फट्! डोक्यातले दोन पांढरे खडेही आमचेच. धुऊन काडेपेटीत ठेवायचे. ढोमी, घोळ ही सगळी आवाज करणाऱ्या माशांचीच भावकी. विणीच्या दिवसांत नर त्या फुग्यावर स्नायूंनी ढोलकं वाजवतात. घोळ माशाचं बोत सोन्याच्या भावानं परदेशी जातं, ते म्हणजे हाच फुगा. गोव्यात जुवारीच्या खाडीत शास्त्रज्ञांनी पाण्यात माइक सोडून माशांचे असे समूहस्वर टिपलेत. आणि ते खडे म्हणजे कान. माशाचं अंग साधारण पाण्याइतकंच जड, त्यामुळे आवाजाची लाट आली की ते पाण्याबरोबर हलतं. खडा जड, तो जरासा मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्यातून माशाला ऐकू येतं. म्हणजे आम्ही वाद्य टाचेखाली फोडत होतो आणि कान काडेपेटीत जमवत होतो.

परवा आईला फोनवर सांगितलं, अगं, ढोमीचे नर गातात, माद्यांना बोलवायला. पलीकडे कुकरची शिटी झाली. ती जरा थांबली.

"अस्सं," म्हणाली. "म्हणजे गाभोळीवाल्या सापडतात त्या गाणं ऐकायला आलेल्या."