बदकाची सहा पिल्लं: २१ दिवसांची ओली नोंदवही

उबवणीचा २७ वा दिवस. खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकाची नऊ अंडी ठेवली होती. दहाव्या दिवशी अंधारात टॉर्च धरून पाहिली तेव्हा दोन कोरी निघाली, उरली सात. आज सकाळी एकाला बाहेरून पहिला तडा गेला. कान लावला तर आत बारीक चिवचिव. कोंबडीच्या पिल्लांची सवय असल्यामुळे वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल बाहेर. कुठलं काय! रात्री अकरा वाजता तडा होता तेवढाच.

२८ वा दिवस. अजून तेच. बदकाच्या पिल्लाला पहिल्या तड्यापासून बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. तेवढ्या वेळात ते कवचाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. हे मला पाठ आहे, तरी हात शिवशिवतातच. मागच्या खेपेला मी शहाणपणा करून कवच सोललं होतं आणि पापुद्र्यातून रक्त आलं होतं. या वेळी झाकण उघडायचं नाही असं ठरवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

२९ वा दिवस. सहा आली. सातवं तडा देऊन आतच गेलं. वाईट वाटलं. बाकीची इनक्युबेटरमध्येच वाळू दिली. पोटात बलक असल्यामुळे पहिला दिवस खाण्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

इथून पिल्लांचे दिवस मोजतो.

दिवस १ ते ३. प्लास्टिकचा मोठा क्रेट, तळाला जुना टॉवेल. वर्तमानपत्र अजिबात नको, त्यावर पाय घसरून फाकतात. बल्ब एका टोकाला, खाली ३२ अंशांच्या आसपास, दुसरं टोक गार. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करायचे. खरं तर थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघावीत. एकमेकांवर चढून ओरडत असतील तर गारठलीत, चोच उघडून लांब बसली असतील तर उकडतंय.

दिवस ४. आता मुख्य विषय. पाणी.

कोंबडीचं पिल्लू पाणी पितं. बदकाचं पिल्लू पाण्याचा संसार मांडतं. खाद्याचा घास घ्यायचा, तुरुतुरु पाण्याकडे जायचं, चोच खंगाळायची, परत खाद्याकडे. दहाला भांडं भरलं की साडेदहाला त्यात पिठलं. बरं, भांडं अगदी उथळ ठेवूनही चालत नाही, कारण नाकपुड्या धुता येतील एवढी चोच बुडायलाच हवी. आणि खोल ठेवलं की आज जे झालं ते होतं: सगळ्यात धाकटं पिल्लू पाण्यात शिरून बसलं. मी आलो तेव्हा लव अंगाला चिकटलेली, मान खाली, सगळं अंग थरथरतंय. टॉवेलने टिपून, शर्टाच्या आत धरून, बल्बखाली अर्धा तास बसलो. आई असती तर तिच्या पंखाखाली शिरून वाळलं असतं. माझ्याकडे पंख नाही, बल्ब आहे. त्याचं नाव आता भिजक्या.

दिवस ५. उपाय सापडला. झाकणाच्या डब्याला बाजूने डोकं जाईल एवढी भोकं पाडली. चोच आत जाते, अंग बाहेर राहतं. डबा ठेवला जाळीवर, जाळी पसरट ट्रेवर. सांडलेलं पाणी ट्रेमध्ये जातं, टॉवेल कोरडा. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

दिवस ८. तीन नंबरचं पिल्लू दोन पावलं टाकून बसतंय. घोटे सुजल्यासारखे, पाय धनुष्यासारखे. चूक माझीच. घरात कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य होतं, तेच चालू ठेवलं. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅम नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) लागतं, कोंबडीच्या पिल्लाला ३५ च्या आसपास. आता नायसिनसाठी वाटीभर खाद्यावर मोठा चमचाभर ब्रुअर्स यीस्ट भुरभुरवतोय. पावाचं यीस्ट नव्हे.

दिवस १२. तीन नंबर चालतंय! थोडं फेंगडं, पण रांगेत मागे पडत नाही. यीस्ट सगळ्यांनाच चालू ठेवणार.

दिवस १४. ट्रेच्या कोपऱ्यात कालच्या ओल्या खाद्याला आंबूस वास आला. सगळं फेकलं, ट्रे उन्हात. बुरशीच्या बाबतीत बदकाचं पिल्लू फार नाजूक असतं. १९६० च्या सुमारास टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. तेव्हा हे विष आहे की नाही ते बघायला एक दिवसाची बदकाची पिल्लं वापरत. एवढ्यावरून समजून घ्या.

दिवस १७. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झच्या मागे कलहंसाची पिल्लं फिरायची म्हणतात. माझी सहाही निळ्या बादलीमागे फिरतात. पाणी बादलीतून येतं ना. मी नुसता गेलो तर मानसुद्धा वळवत नाहीत.

दिवस २१. सगळ्यात जड ४१० ग्रॅम, भिजक्या ३५५. शेपटीवर आणि खांद्यांवर पिसांचे खुंट फुटलेत, हाताला टोचतात. नर-मादी अजून कळत नाही, आवाज बदलायची वाट बघतोय. खाद्यातलं प्रथिन आता २० टक्क्यांवरून १६ वर आणतोय, नाहीतर वाढ धावते आणि पंख बाहेर वळायची भीती.

दुपारी पहिल्यांदा टबात सोडलं, कोमट पाणी, दहा मिनिटं, मी टॉवेल घेऊन शेजारी. पाच जणं काठाकाठाने पोहली. भिजक्याने थेट बुडी मारली, दुसऱ्या टोकाला वर आला आणि शेपटी हलवून सगळं पाणी माझ्या चष्म्यावर उडवलं.