आमची वाटचाल: पंचेचाळीस ग्रॅम मीठ

मिरजेत दवाखाने भरपूर, म्हणून लॅब भरपूर, म्हणून स्लाइडवरच्या पेशी रंगवायच्या रंगाला मरण नाही. या हिशेबावर आम्ही दोघा भागीदारांनी मागच्या खोलीत तराजू, हॉटप्लेट आणि फिल्टर पेपर घेऊन बस्तान मांडलं. पेशींचा पॅप रंग केला, झटपट रंगवणारा रॅपिड स्टेन केला. पण नाव झालं इओसिन-निग्रोसिनवर. जिवंत शुक्राणू पांढरा राहतो, मेलेला गुलाबी होतो. 100 मिलीला 0.67 ग्रॅम इओसिन वाय, 10 ग्रॅम निग्रोसिन, 0.9 ग्रॅम मीठ. उकळा, गार करा, गाळा.

एका पावसाळ्यात भागीदार लग्नाला गेला आणि पाच लिटरच्या लॉटमध्ये पंचेचाळीस ग्रॅम मीठ घालायचंच राहिलं. रंग दिसायला नेहमीसारखाच काळाभोर. चार दिवसांनी एका लॅबच्या ताईंचा फोन आला. "दादा, हलणारे साठ टक्के आणि जिवंत पस्तीस? मेलेले पोहतात होय?"

मी आधी त्यांच्या स्लाइडलाच नावं ठेवली. मग गेलो. एकाच ताज्या नमुन्याचे दोन स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले पातळ थर, एक त्याच बिनमिठाच्या रंगाचा, एक मीठ घातलेल्या रंगाचा. मिठाच्या स्लाइडवर पांढरी डोकीच डोकी. बिनमिठाच्या पाण्यात धडधाकट शुक्राणूही पाणी पिऊन फुगतो, त्याचा पडदा फाटतो, रंग आत शिरतो आणि तो गुलाबी होतो.

विकलेली बाटली न् बाटली एसटीच्या पार्सलने परत मागवली. तोवर आमच्या स्पर्धकाने सांगली-कोल्हापुरात उठवून दिलं होतं: "मिरजेचा रंग शुक्राणू मारतो." एका लॉटपुरतं खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. निम्मी गिऱ्हाइकं गेली, पाठोपाठ भागीदार. गंमत अशी, की त्या स्पर्धकाच्या स्वतःच्या बाटलीवर मिठाचा उल्लेखही नव्हता. आजही नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

नव्या पोरांना सांगतो, विचारलं नसलं तरी: पावसाळ्यात रॅपिड स्टेनच्या मिथेनॉलची बरणी उघडी टाकू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. स्मिअर पूर्ण सुकू द्या. 200 शुक्राणू मोजायचे म्हणजे 200च मोजा, पन्नासावर गुणाकार नको. नॉर्मल आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादाच 4 टक्के. तिथे दोन-चार डोक्यांच्या चुकीने एखाद्या जोडप्याची झोप उडते.

ताई आता निवृत्त आहेत. त्यांच्या जागी आलेला मुलगा रॅपिड स्टेन त्या स्पर्धकाकडून घेतो, चाळीस रुपये स्वस्त म्हणून. इओसिन मात्र अजून आमच्याकडून. ताईंनी चार्ज देताना तसं वहीत लिहून ठेवलंय म्हणे.