चार वाजता सात ठोके

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जे काका राहतात, त्यांच्याकडे कुठल्याही तासाच्या ठोक्याला जाऊ नये असा एक अलिखित नियम आहे. जायचंच असेल तर सव्वा किंवा पावणे. मला सोसायटीच्या कागदावर त्यांची सही हवी होती आणि मी गेले ती नेमकी चारला एखादं मिनिट कमी असताना. काकांनी दार उघडलं, तोंडाने काही न बोलता बोटानेच 'बस' म्हणाले, आणि सुरू झालं.

पहिलं वाजलं ते स्वयंपाकघरातलं, किरट्या आवाजाचं. मग पॅसेजमधलं. मग हॉलमधली भिंत. एक संपतंय तोवर दुसरं घसा खाकरतं, आणि जुनी घड्याळं ठोका देण्यापूर्वी खरोखरच घसा खाकरतात, आत काहीतरी खर्रर्र होतं. मुंबईत चार एवढा वेळ वाजत राहतात हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे चार वाजतात आणि लगेच चार वाजून एक मिनिट होतं.

"काका, सगळी एकत्र का नाही मिळवून ठेवत?"

"अगं, सगळी एकदम वाजली तर कुणाचा आवाज बसलाय ते कळणार कसं?"

याला उत्तर नव्हतं. शेवटचं घड्याळ वाजलं आणि मी सवयीने मोजलं. सात. चार वाजता सात ठोके! काकांना त्याचं काही नाही. त्यांनी दार उघडलं (घड्याळाचं) आणि मला आत बघायला लावलं. मागे एक पितळी चाक, त्याच्या कडेला खाचा, एकीपासून दुसरी थोडी लांब, तिसरी अजून लांब. दोन खाचांमधलं अंतर तेवढे ठोके. म्हणजे या घड्याळाला तीननंतर चार आणि चारनंतर पाच एवढंच ठाऊक. काटे कुठे आहेत ते बघत नाही. चालायची स्प्रिंग वेगळी, ठोक्यांची वेगळी, चावीची भोकंही दोन. ठोक्यांची स्प्रिंग आधी उतरली, किंवा कुणी घाईत काटे भराभर फिरवले, की दोघांचं जमेनासं होतं आणि कुणी जुळवून देईपर्यंत तसंच राहतं. काकांनी एक बारीक तार बोटाने उचलली, घड्याळाने आठ दिले. पुन्हा उचलली, नऊ. असं करत बारापर्यंत, मग एक, दोन, तीन, चार. सातवरून चारवर यायला बरोबर ६० ठोके लागतात. मागे येता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एवढ्या चिडचिड्या का, ते मला त्या दिवशी समजलं.

सही राहिली बाजूला. काकांनी मग एकेकाची ओळख करून दिली. छाप्यात दोन बाण फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले असतील तर ते हॅम्बुर्ग अमेरिकन कंपनीचं. नावात अमेरिका असली तरी कारखाना जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबर्गला. आठ टोकांचा तारा म्हणजे युंगहान्स, तेही श्रामबर्गचंच, १८६१ची कंपनी. 'अन्सोनिया' मात्र खरी अमेरिकन. भरपूर कोरीवकाम, नक्षीचा मुकुट, दिवाळीला पुसताना जीव जाईल असं. ही कंपनी १९२९मध्ये बुडाली आणि तिची यंत्रं सोव्हिएत रशियाने विकत घेतली. भांडवलदारांच्या बैठकीच्या खोल्यांसाठी घड्याळं करणारी यंत्रं कॉम्रेडांच्या देशात गेली, यावर काका दर वेळी खूश होतात.

त्यांची आवडती गोष्ट चॉन्सी जेरोमची. कनेक्टिकटचा हा माणूस. पितळी पत्र्यातून चाकं कातून काढायची आणि घड्याळ स्वस्त करायचं, हे त्याने जमवलं. १८४२मध्ये त्याने इंग्लंडला घड्याळं पाठवली. किंमत इतकी कमी, की तिथल्या कस्टमवाल्यांना वाटलं, हा जकात चुकवायला खोटी किंमत सांगतोय. कायदा असा, की संशय आला तर सांगितलेल्या किमतीला वर थोडं देऊन माल सरकारनेच घ्यायचा. सरकारने घेतला. जेरोमने आनंदाने दुसरी खेप पाठवली. तीही घेतली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे पहिलं गिऱ्हाईक कोण, तर कस्टम!" काका म्हणाले. स्वतः काका आयुष्यभर गोदीत कारकून होते.

त्यांची निम्मी घड्याळं मटण स्ट्रीटवरची, म्हणजे चोरबाजारातली. तिथल्या घड्याळांची कुळी विचारायची नाही. पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं, लंबक तिसऱ्याचा, आणि तबकडीवर चार आकडा चार उभ्या काठ्यांचा, जसा बहुतेक जुन्या घड्याळांवर असतो. रोमन चार असा काढत नाहीत हे आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलं होतं. मी तेव्हा आमच्या घरातल्या घड्याळाचा दाखला दिला होता आणि बाकावर उभी राहिले होते.

आमचं घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली. आबांनी, माझ्या आजोबांनी, ते घड्याळ गिरणीतून आणलं होतं. ऑफिसात नवीन आलं आणि जुनं मोडीत निघालं, ते त्यांनी पगारातून पैसे कापून घेतलं. लाकडाची लांब पेटी, पुढे काच, आत ताटलीएवढा लंबक. पेटीत खाली जागा होती आणि तिथे चावीशिवाय काय नव्हतं? विम्याच्या पावत्या, गावच्या घरपट्टीचा कागद, एक जास्तीची बटणपट्टी, कापराची डबी. घरात कपाट एक आणि माणसं नऊ, त्यामुळे वेळेच्या पोटात महत्त्वाचं सगळं.

चावी रविवारी सकाळी, आंघोळ झाल्यावर, स्टुलावर चढून. हा मान आबांचा. आम्ही पोरं खाली उभी राहून प्रत्येक वळशाला मोजायचो. पण मला जास्त आठवते ती भिंतीवरची पेन्सिलची रेघ. जुनं घड्याळ भिंतीवर जरा कललेलं असलं तर ते लंगडतं. टिकटक, टिकटक असं समान अंतराने चालायच्या ऐवजी टिक्-टक् आणि मग मोठी पोकळी, पुन्हा टिक्-टक्. असं लंगडत लंगडत तासाभरात बंद पडतं. म्हणून आबा डोळे मिटून, कान पेटीला लावून, खालची कड तर्जनीने केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचे. आवाज सरळ झाला की पेटीच्या खालच्या कडेने भिंतीवर रेघ मारायची. ती रेघ पुसायची कुणाची हिंमत नव्हती. फक्त गणपतीआधी खोलीला रंग काढला की रेघ जायची, आणि मग आरतीच्या मधेच आबांचा कान घड्याळाकडे. आरती करताना माणूस दुसरीकडे लक्ष देतोय हे आजीला दिसायचं आणि ती टाळ जोरात वाजवायची.

चाळीतली अर्धी बिऱ्हाडं आमच्या घड्याळावर. "बाय, बघून ये गो किती वाजले ते." मला अजून घड्याळ कळत नव्हतं, तरी पाठवायचे मलाच. मी धावत जाऊन यायची आणि सांगायची, मोठा काटा माडीवर, लहान काटा खिडकीकडे. त्यावरून शेजारच्या काकी अचूक वेळ काढायच्या आणि भात उतरवायच्या.

आजी स्वतः कधी घड्याळाकडे बघत नसे. तिची वेळ नळाला पाणी आलं, दुधाच्या केंद्रावर रांग लागली, ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं, अशी. आणि भोंगा. परळ-लालबागला भोंगा असताना कुणाला घड्याळ लागतं? सातच्या पाळीचा भोंगा झाला की बाबा जिना उतरलेले असायचे, साडेतीनच्या भोंग्याला चहाचं आधण.

अलीकडे एक बघते. फोर्टमध्ये, वांद्र्याला, कॉफीच्या दुकानांत एक भिंतच जुन्या घड्याळांची असते. सगळी बंद. कुणी सव्वानऊ दाखवतंय, कुणी पावणेदोन. लोक त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. मला तिथे कॉफी जात नाही. बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात, वास्तूवाले त्यावर पोट भरतात, त्यांच्याशी माझं काही घेणं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की अहो, चावी द्या. चावी पेटीतच असते. आठवड्यातून एकदा स्टुलावर चढायचं. तेही होत नसेल तर भिंतीवर ताटं लावा. एकदा मी वेटरला विचारलंही, चावी आहे का? त्याने मला वायफायचा पासवर्ड दिला.

बरोबर वेळ हवी असेल तर तेव्हाही सोय होती. रेडिओवरचे पिप् पिप्, किंवा ज्यांच्याकडे फोन त्यांनी १७४ फिरवायचा, बाई वेळ सांगायच्या. पण बरोबर वेळ मुंबईत कुणाला हवी असते? लोकल नऊ बाराची असते, नऊ दहाची नव्हे, हे मान्य. तरी माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे आणि हॉलमधलं पाच. यजमानांना ते माहीत आहे, मुलीला माहीत आहे, मला तर माहीत आहेच. तिघंही मनात वजाबाकी करतो आणि तिघंही धावतो.

हे शहराच्या रक्तातच असावं. १ जानेवारी १९०६ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची आपली वेळ ४ तास ५१ मिनिटं. म्हणजे फरक ३९ मिनिटांचा. रेल्वे आणि तार नव्या वेळेवर गेली, आणि मुंबईने सांगितलं, आम्ही नाही जा. महापालिकेसकट. हा हट्ट किती चालला? १९५५पर्यंत! स्वातंत्र्य आलं, घटना आली, आणि या शहरात दोन माणसांनी भेटायचं ठरवलं तर 'कुठल्या वेळेचे पाच?' असं विचारण्याची सोय अजून शिल्लक होती. काकांच्या वडिलांना ते आठवत होतं. उशीर झाला की मुंबई टाइम, लवकर पोचलं की स्टँडर्ड टाइम.

काका हे सांगतात तेव्हा आम्ही दोघंही हसतो. राजाबाई टॉवर समोर ठेवून हसायला हे छानच आहे. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दोन लाख दिले, १८७८मध्ये २८० फुटी मनोरा उभा राहिला, आणि त्या माऊलीला दिसत नव्हतं म्हणून सूर्यास्ताआधी जेवायला ठोके ऐकू यावेत ही त्यामागची सांगितली जाणारी कथा. दर पंधरा मिनिटांनी तो अजून वाजतो. आपल्या वेळेचा अभिमान वगैरे बोलायला उत्तम जागा.

पण १९०६च्या जानेवारीतच गिरण्यांमधले हजारो कामगार माग सोडून बाहेर आले होते आणि त्यांनी नव्या वेळेवरून गिरण्यांवर दगड मारले होते. त्यांना मुंबईच्या सूर्याचा अभिमान होता म्हणून नव्हे, असं मला आपलं वाटतं. नुकतेच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, त्यामुळे अंधार पडला म्हणून सुट्टी हेही संपलं होतं. दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्याने घातली ती १९११मध्ये. अशा माणसाला कुणी सांगितलं, की उद्यापासून सकाळचे सहा ३९ मिनिटं आधी वाजणार, तर तो अंधारातच उठणार ना. घड्याळाचा काटा सरकवणारा एक आणि झोपेतून उठणारा दुसरा.

आबा त्यानंतर खूप वर्षांनी गिरणीत लागले. दोन मिनिटं उशीर झाला तर दारातूनच परत, ही रीत त्यांच्याही वेळी होती, आणि ती दोन मिनिटं ज्या घड्याळाने मोजली तेच त्यांनी पैसे मोजून घरी आणलं. का, ते कधी बोलले नाहीत. रविवारी चावी देऊन झाली की काटे मात्र कधी भोंग्याशी जुळवायचे नाहीत. भोंगा झाला आणि आमचं घड्याळ सहा मिनिटं मागे असलं तर म्हणायचे, राहू दे, त्याचं ते बघेल.

१९८२च्या जानेवारीत संप झाला. बाबा घरी, चाळीतले सगळेच बाबा घरी. भोंगा बंद. चावी द्यायला आता घरात हवी तेवढी माणसं होती आणि मान तरीही आबांचाच. पुढच्या वर्षी तांब्याचा बंब गेला, मग आजीच्या पाटल्या, मग एके दुपारी टोपी घातलेला एक माणूस आला, त्याने पेटीला कान लावला, डोकं हलवलं आणि आबांच्या हातावर नोटा ठेवल्या. किती ते आम्हाला सांगितलं नाही. पावत्या आणि कापूर आईने एका पिशवीत भरून ठेवले.

रात्री आजी म्हणाली, "बरा झाला गेला ता. रात्रीचे ठोके डोक्यात बसत होते." इतक्या वर्षांत तिने हे कधी म्हटलं नव्हतं. आबा काही बोलले नाहीत. त्या महिन्याचा तांदूळ आला, एवढं आठवतं.