पीटी पास झालात, पण पीटी कशी होती?

सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापन उपकरणे अधिक अचूक उपकरणांशी ताडून तपासणाऱ्या, प्रयोगशाळा चालवणारी मंडळी आणि त्यांच्याकडे प्रेशर गेज, व्हर्नियर, थर्मोकपल पाठवणारे कारखान्यांचे क्वालिटी विभागप्रमुख मला वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात. प्रोफिशियन्सी टेस्टिंगमध्ये (पीटी, म्हणजे एकच वस्तू अनेक प्रयोगशाळांकडून मोजून घेऊन त्यांचे निकाल तपासणारी चाचणी) प्रयोगशाळेचा निकाल समाधानकारक आला आहे, पण मुळात ती चाचणी चांगल्या दर्जाची होती की नव्हती, हे कसे ओळखायचे? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. अहवाल हाती आल्यावर आपल्या नावापुढचा शेरा सर्वांत शेवटी वाचावा; ज्या संदर्भमूल्याशी आपला आकडा ताडून पाहिला ते मूल्य कोठून आले आणि त्याची अनिश्चितता (मोजलेला आकडा खऱ्या मूल्यापासून किती इकडेतिकडे असू शकतो तो अंदाज) किती होती, हे सर्वांत आधी वाचावे.

प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार, उपलब्ध आणि योग्य असेल तेथे प्रयोगशाळेने आपले काम इतर प्रयोगशाळांच्या निकालांशी ताडून पाहणे बंधनकारक आहे, आणि एनएबीएलचे (भारतात प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे) असेसरही पीटीतल्या सहभागाचा आराखडा मागतात. पीटी घेणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०४३ हे वेगळे मानक आहे. त्याची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सहभाग असा सक्तीचा झाल्यामुळे बहुतेक जण फी आणि तारीख पाहून नाव नोंदवतात. संस्थेला मान्यता आहे एवढे पाहून थांबू नये, आपल्याला हवी असलेली राशी (दाब, लांबी, तापमान वगैरे) आणि तिचा पल्ला त्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हेही तपासावे. अर्थात ही केवळ पहिली पायरी झाली.

कॅलिब्रेशनच्या पीटीत निकाल बहुधा ईएन या संख्येने ठरतो. प्रयोगशाळेचे मूल्य आणि संदर्भमूल्य यांतला फरक घ्यायचा आणि त्याला दोघांच्या विस्तारित (साधारण ९५ टक्के खात्रीने सांगितलेल्या) अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान आले तर निकाल समाधानकारक. आता एक हिशेब पाहा. डाइंगच्या बॉयलरवरच्या गेजला जवळचा म्हणून १० बार हा बिंदू घेऊ. तुमच्या प्रयोगशाळेचे वाचन संदर्भमूल्यापेक्षा ०.०४ बारने जास्त आले आणि तुम्ही ०.०२ बार अनिश्चितता जाहीर केली आहे. संदर्भमूल्याची अनिश्चितता ०.००५ बार असेल तर ईएन सुमारे १.९४ येते, म्हणजे तुम्ही सपशेल नापास. तेच संदर्भमूल्य ०.०४ बार अनिश्चिततेचे असेल तर ईएन सुमारे ०.८९ येते आणि तुम्ही पास. मास्टर (तुमचे संदर्भ उपकरण) तोच, माणूस तोच, फरकही तोच. बदलला तो फक्त परीक्षकाच्या हातातला पेपर. म्हणून अहवालात संदर्भमूल्याची अनिश्चितता सहभागी प्रयोगशाळांच्या अनिश्चिततेच्या जवळपास किंवा तिच्याहून मोठी दिसली, तर त्या फेरीतल्या 'समाधानकारक' शेऱ्याला मी फारसे महत्त्व देत नाही.

संदर्भमूल्य ठरवण्याचे मार्गही सारख्या किमतीचे नाहीत. रासायनिक किंवा वैद्यकीय चाचण्यांत सहभागी प्रयोगशाळांच्या निकालांवरून सहमतीचे मूल्य काढणे रूढ आहे, आणि आयएसओ १३५२८ या सांख्यिकी मानकातही त्याच्या रीती दिलेल्या आहेत. कॅलिब्रेशनमध्ये मात्र संदर्भमूल्याला मापनशास्त्रीय अनुरेखनीयता (राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत जाणारी कॅलिब्रेशनची अखंड साखळी) असावी आणि त्याची अनिश्चितता दिलेली असावी, असा १७०४३ चा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे. एका फेरीत मोजक्याच प्रयोगशाळा असतात आणि त्यांच्या क्षमताही सारख्या नसतात. त्यातल्या निम्म्यांनी आपले मास्टर एकाच वरच्या प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून घेतले असतील, तर तिथली चूक सगळ्यांच्या आकड्यांत सारखीच उतरते आणि सरासरी तिलाच खरे ठरवते. मूल्य दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून आले आहे, की सहभागींपेक्षा स्पष्टपणे कमी अनिश्चितता असलेल्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, हे अहवालात नावानिशी नसले तरी निदान स्वरूपाने तरी सांगितलेले असावे.

सर्वांत जास्त लबाडी किंवा हलगर्जी, जे म्हणाल ते, फिरणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत होते. कॅलिब्रेशनच्या पीटीत सहसा एकच उपकरण एका प्रयोगशाळेकडून दुसरीकडे जाते. कुरिअरमध्ये ते आपटते, कोणी त्याला पल्ल्याबाहेर दाब देतो, आणि काही महिन्यांनी परत येते तेव्हा ते मूळचे राहिलेले असेलच असे नाही. म्हणून संदर्भ प्रयोगशाळेने ते सुरुवातीला आणि शेवटी, आणि फेरी लांबलचक असेल तर मध्येही, मोजलेच पाहिजे. त्या मोजमापांत दिसलेला सरक (उपकरणाच्या वाचनात फेरीदरम्यान पडलेला फरक) संदर्भमूल्याच्या अनिश्चिततेत मिळवला पाहिजे. एका फेरीच्या अहवालात सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांच्यातला फरक जाहीर केलेल्या अनिश्चिततेहून मोठा होता, आणि तरीही दोन्हींची सरासरी घेऊन सगळ्यांना गुण वाटलेले होते. काही अहवालांत शेवटचे वाचन छापलेलेच नसते. तसे असेल तर ते मागून घ्यावे. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

उपकरणाची निवडही पाहावी. ०.२ बार लघुतम माप असलेला डायल गेज फिरवला, तर काटा वाचण्यातलीच अनिश्चितता इतकी मोठी होते की चांगली आणि सुमार प्रयोगशाळा एकाच रांगेत बसतात आणि सगळेच पास होतात. तुमचा डेडवेट टेस्टर (वजनांच्या साहाय्याने अचूक दाब देणारे उपकरण) कितीही उत्तम असला तरी अशा चाचणीत तो कसोटीला लागतच नाही.

आपल्या सोलापूरच्या हवेचा मुद्दा येथे घेतो, कारण लांबीच्या मापनात तो निर्णायक असतो. लांबीचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. पोलादाचा १०० मिलिमीटरचा स्लिप गेज (लांबीचा प्रमाण ठोकळा) एका अंशाला सुमारे १.१५ मायक्रॉन वाढतो. टंगस्टन कार्बाइडचा गेज त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा पीटीच्या सूचनापत्रात गेज कशाचा आहे हे लिहिलेले नसेल आणि प्रत्येक प्रयोगशाळेला तो मोजून पुढे पाठवायला जेमतेम एक-दोन दिवस दिले असतील, तर घाईत केलेली तापमान दुरुस्तीच तेवढी तपासली जाते. उन्हातून आलेल्या गेजला प्रयोगशाळेच्या तापमानाला पूर्ण स्थिरावू देईल असे वेळापत्रक हे चांगल्या संस्थेचे एक ठळक लक्षण मी मानतो.

सीएमसीचा, म्हणजे मान्यतेत नोंदलेल्या प्रयोगशाळेच्या सर्वोत्तम मापनक्षमतेचा (तिच्या किमान अनिश्चिततेचा), ताळा थोडक्यात सांगतो. मान्यतेच्या व्याप्तीत ०.०१ बार लिहायचे आणि पीटीत ०.०५ बार जाहीर करून ईएन खाली आणायचा, हा प्रकार सर्रास चालतो. दर्जेदार अहवालात प्रत्येक सहभागीची जाहीर अनिश्चितता त्याच्या सीएमसीशेजारी दिलेली असते किंवा निदान तसा शेरा तरी असतो. कारखान्यातल्या मंडळींनीही एवढा एक स्तंभ स्वतः पडताळून पाहावा. वर्षानुवर्षे ०.०५ च्या आसपास राहणारा ईएन मला कौतुकाचा वाटत नाही, कारण बहुधा त्यामागे फुगवलेली अनिश्चितता असते.

(ऊस हंगामात काही जण वजनकाट्यांविषयी हाच प्रश्न विचारतात. व्यापारी वापरातल्या काट्यांची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन कायदा, २००९ खाली होते. ती वाट वेगळी आहे, पीटीशी तिची गल्लत करू नये.)

आपल्या राशीसाठी, आपल्या पल्ल्यात एकही योग्य पीटी उपलब्ध नसेल, तर दोन-चार प्रयोगशाळांनी मिळून आपसांत तुलना करायला १७०२५ ची आडकाठी नाही. मात्र एकाच औद्योगिक वसाहतीतल्या, एकाच वरच्या प्रयोगशाळेवर विसंबणाऱ्या शेजाऱ्यांना निवडू नका. फिरवायचे उपकरण फेरीच्या आधी आणि नंतर तुम्हा सर्वांहून कमी अनिश्चितता असलेल्या तिसऱ्याच प्रयोगशाळेकडून मोजून घ्या, त्याचा खर्च वाटून घ्या, आणि सगळ्यांचे निकाल जमा होईपर्यंत ते आकडे तुमच्यापैकी कोणाच्याही हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करा.