लांब पल्ल्याची नेमबाजी: दहा जणांना रेंजवर नेण्यापूर्वी

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर आणि आसपासच्या आमच्या मित्रमंडळींत रेंजवर जाण्याचा बेत निघाला की सर्वांत आधी चर्चा होते ती बंदुकीची: कोणती आणायची, भाड्याने कोठे मिळेल, कोणाच्या शेजाऱ्याकडे कोणती आहे. ही चर्चा रंगते, आणि तिच्या नादात ज्या प्रश्नावर सगळा बेत उभा असतो तो बाजूला पडतो. येणाऱ्यांपैकी बंदुकीला हात लावण्याची कायदेशीर मुभा नेमकी कोणाला आहे, हे आधी ठरवावे लागते. मराठी मंडळींच्या गटात तर ते हमखास ठरवावे लागते, कारण दहा जणांत दोन-तीन नागरिक, दोन-तीन ग्रीन कार्डवाले, उरलेले नोकरीच्या एच-१बी आणि कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावर, आणि कोणाचे तरी आईवडील उन्हाळ्यापुरते आलेले, अशीच आपली बेरीज असते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यातील (शीर्षक १८, कलम ९२२) तरतुदीनुसार नॉन-इमिग्रंट (कायम वास्तव्यासाठी नसलेल्या) व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि पाहुण्यांचा बी-२ हे सगळे व्हिसा यात येतात. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक पाच मिनिटे हातात धरणे हेही कायद्याच्या दृष्टीने बाळगणेच होय. ‘आम्ही गेलो होतो, कोणी काही विचारले नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. न विचारले जाणे आणि परवानगी असणे यांत फरक आहे. या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी तुरुंगापेक्षाही इमिग्रेशनच्या नोंदीवर पडणारा डाग अधिक महाग ठरू शकतो. शिवाय हे माहीत असताना आपली बंदूक त्याच्या हाती देणारा मित्रही अडचणीत येतो.

कायद्यात काही अपवाद आहेत. त्यांपैकी आपल्या लोकांच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेत रीतसर मिळालेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असेल, तर ही मनाई लागू होत नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला असा परवाना घेण्यापूर्वी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शिकारीला कधीही न जाणाऱ्यानेसुद्धा तो करावा असे माझे मत आहे, कारण बंदूक हाताळण्याची शिस्त त्यात नीट शिकवली जाते. मी वकील नाही, त्यामुळे ज्याचा इमिग्रेशनचा अर्ज नाजूक टप्प्यावर आहे त्याने आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय परवान्याच्या भरवशावरही बंदूक हाती घेऊ नये.

मग ज्यांना बंदूक धरता येत नाही त्यांनी घरी बसावे काय? मुळीच नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत निम्मे काम चाप ओढणाऱ्याचे असते आणि निम्मे त्याच्या शेजारी स्पॉटिंग स्कोपला (लक्ष्य पाहण्याच्या वेगळ्या दुर्बिणीला) डोळा लावून बसलेल्याचे. वारा किती, गोळी कोठे पडली, पुढच्या वेळी किती सरकायचे, हे सारे तो सांगतो आणि नोंदवहीत लिहितो. या कामाला व्हिसा आड येत नाही. आमच्या गटात वाऱ्याचा सर्वांत चांगला अंदाज ज्याला येतो तो आजवर एकही गोळी न झाडलेला एच-१बीवरचा मित्र आहे, आणि आम्ही त्याच्या शब्दावर नेम सरकवतो. फक्त काडतुसांचे खोके उचलून आणण्याचे काम त्याला सांगू नये आणि बंदुका त्याच्या गाडीत ठेवू नयेत. बंदुका ज्याच्या, गाडी त्याची, आणि प्रवासात त्या रिकाम्या व कुलूपबंद, असा नियम आधीच सर्वांना कळवावा.

जागेविषयी थोडक्यात. शहरातील बहुतेक बंदिस्त रेंज २५ यार्डांच्या आसपासच्या असतात आणि तेथे लांब पल्ल्याचे काहीच शिकता येत नाही. डेन्व्हरहून आय-२५ ने दक्षिणेकडे निघाले की न्यू मेक्सिकोची हद्द ओलांडताच रॅटन गाव लागते, आणि त्याच्याजवळच सुमारे ३३,००० एकरांवर पसरलेले व्हिटिंग्टन सेंटर हे नेमबाजीचे केंद्र आहे. तेथे १,१२३ यार्डांवर उभा केलेला पोलादी पांढरा गवा नेमबाजांत प्रसिद्ध आहे. नवख्याने पहिल्याच दिवशी त्याच्यावर गोळी झाडावी का? हौस म्हणून दिवसाच्या शेवटी एकेकाने झाडावी, पण तेवढ्यासाठी दिवस आखू नये. गट दहा जणांचा असेल तर कार्यालयाला आधी फोन करून जागा, रेंज ऑफिसर आणि पोलादी लक्ष्यांचे नियम विचारून घ्यावेत. पोलादी गाभ्याच्या गोळ्या अशा लक्ष्यांवर बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, कारण त्यांनी पत्र्याला खड्डे पडतात आणि खड्ड्यावरून तुकडे उलट येतात.

आता बंदुका. दहा जणांना दोन पुरतात: एक .२२ (लहान, कमी धक्क्याच्या काडतुसाची) आणि एक ६.५ क्रीडमूर (लांब पल्ल्याच्या मोठ्या काडतुसाची). ‘मीही माझी आणतो’ म्हणणाऱ्याला मी प्रेमाने नकार देतो, कारण प्रत्येक नवी बंदूक म्हणजे नवे काडतूस, नवी दुर्बीण, नवे झीरो करणे (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवणे), आणि पाहायला आणखी एक नळी. .२२ ला खेळणे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून) कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून) तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, ते याच काडतुसावर. त्या ५० मीटरांतही वाऱ्याचे निशाण पाहूनच चाप ओढला जातो.

.२२ चे महत्त्व एका हिशेबातून पटते. ४० ग्रेन वजनाची, सेकंदाला सुमारे १,०७० फूट वेगाने निघणारी गोळी ५० यार्डांवर झीरो केली, तर २०० यार्डांपर्यंत ती जवळजवळ चार फूट खाली उतरते आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात फूटभराहून अधिक सरकते. कोनात मोजले तर हा उतार आणि हे सरकणे ६.५ क्रीडमूरच्या गोळीला हजार यार्डांच्या आसपास सोसावे लागते तेवढेच भरते. म्हणजे दुर्बिणीची चकती फिरवणे, वाऱ्यासाठी बाजूला धरणे आणि चुकल्यावर दुरुस्ती करणे हा हजार यार्डांचा जवळजवळ सगळा अभ्यास दोनशे यार्डांवर होतो, तोही काही सेंटांच्या काडतुसात, दस्त्याचा धक्का न बसता. मॅच दर्जाचे ६.५ चे एक काडतूस दोन डॉलरच्या घरात जाते. नवखा माणूस पहिल्या तासात चाप झटक्याने ओढायला शिकला की ती सवय मोडायला पुढे फार वेळ लागतो, आणि ती लागते ती आवाज व धक्क्याच्या भीतीने. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रत्येकाने .२२ वर ५०, १०० आणि २०० यार्ड करावेत, मगच ६.५ ला हात लावावा, आणि तेथेही ३०० यार्डांवरच्या १२ इंची पत्र्यापासून सुरुवात करावी.

मोजमापाविषयी एवढेच पुरे: दुर्बिणीची चकती आणि तिच्यातील खुणा एकाच मापात असाव्यात. मिलमध्ये (कोनाच्या एका मापात) असतील तर एका टिचकीला ०.१ मिल सरकते, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर. मेट्रिकमध्ये वाढलेल्या आपल्या लोकांना हे लगेच उमगते. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला उताराचा तक्ता मात्र रॅटनला जसाच्या तसा वापरू नये. तेथील उंची सुमारे ६,६०० फूट आहे, हवा विरळ आहे, आणि समुद्रसपाटीसाठी केलेल्या हिशेबाने दूरवर मारलेली गोळी लक्ष्याच्या वरून जाते. गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या फोनवरच्या गणकयंत्रात त्या दिवसाचा हवेचा दाब घालून नवा तक्ता काढावा आणि कागदावर उतरवून घ्यावा.

दिवसाची आखणी मी वाऱ्याप्रमाणे करतो. सकाळी हवा स्थिर असते, म्हणून नवख्यांचे झाडणे तेव्हा. दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला अर्धा तास द्यावा. एक झाडतो, दुसरा स्पॉटिंग स्कोपवर. दुपारकडे वारा उठला की शिकायला खरी मजा येते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा होतात, त्यामुळे आकाश भरून आले की बंदुका रिकाम्या करून गाड्यांकडे निघावे. उघड्या मैदानात कोणीही रेंगाळू नये.

वारा पाहायचा कसा, हे मी नवख्यांना मृगजळावरून दाखवतो. स्पॉटिंग स्कोपचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दिसू लागते. ती उकळल्यासारखी सरळ वर जात असेल तर आडवा वारा जवळजवळ नाही. ती तिरपी झुकली की वारा ताशी तीन-पाच मैलांचा, आणि सपाट होऊन ओढ्यासारखी आडवी वाहू लागली की दहाच्या आसपास. नवखा माणूस लक्ष्याजवळचे निशाण पाहतो आणि मधल्या पाचशे यार्डांतील गवताकडे त्याचे लक्षच जात नाही. ‘आता उकळतेय, थांब... झुकली, अर्धा मिल डावीकडे धर’ असे शेजारून कोणी सांगतो, चाप ओढला जातो, आणि मग काही क्षण काहीच होत नाही. ६०० यार्डांवरच्या पत्र्याचा ठणठणाट परत यायला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो. पांढऱ्या गव्यासाठी गोळीचा प्रवास धरून पाचेक सेकंद थांबावे लागते. तेवढ्या वेळात डोके दस्त्यावरून न उचलणे हेच नवख्याला सर्वांत अवघड जाते.

सुरक्षेचे नियम रेंजवरच सांगितले जातात, त्यामुळे तेथे सहसा सुटणाऱ्या गोष्टी तेवढ्या लिहितो. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो, म्हणून कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ असे दोन्ही हवे. नळीच्या टोकाला मझल ब्रेक असलेली बंदूक नवख्यांच्या गटात आणूच नये, कारण धक्का कमी होतो खरा, पण शेजारच्याचे कान बधिर होतात. कपडे बंद गळ्याचे असावेत. तापलेले रिकामे काडतूस कॉलरमधून आत गेले की माणूस हातातल्या बंदुकीसकट वळतो, आणि तो क्षण धोक्याचा असतो. दुर्बिणीला डोळा फार जवळ नेल्यास भुवईवर खोक पडते, म्हणून पहिली गोळी झाडण्यापूर्वी अंतर जुळवून द्यावे. शिशाची भुकटी हाताला लागते, तेव्हा जेवणाचे डबे फायरिंग लाइनपासून लांब उघडावेत आणि त्याआधी साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रियांनी त्या दिवशी येऊ नये. बिअर प्यायची असेल तर ती घरी पोहोचून, बंदुका कपाटात कुलूपबंद झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी दोघातिघांचे फोन येतात: पुढे काय करू, कोणती रायफल घेऊ? त्यांना मी रायफलचे नाव सांगत नाही. अनेक क्लबांत दरमहा एनआरएल२२ चे सामने होतात, सगळे .२२ वर आणि १०० यार्डांच्या आत. ज्यांना कायद्याने मुभा आहे त्यांनी तेथे नाव नोंदवावे आणि उसनी बंदूक मिळेल का ते विचारावे, बाकीच्यांनी गुण लिहायला जावे. स्वतःचे घ्यायचेच झाले तर आधी एकाच लॉटची .२२ ची काडतुसे, दस्त्याखाली ठेवायची वाळूची पिशवी आणि चांगली दुर्बीण घ्यावी, ६.५ ची रायफल पुढच्या वर्षी पाहता येईल.